लोहखनिज आम्लात धुऊन काय साधणार?

भट्टीकाठ:
'लोहखनिज गंधकाम्लात भिजवून लोखंड ठिसूळ करणारा फॉस्फरस काढला की ठिसूळ सळयांचा प्रश्नच मिटेल,' असे या चर्चामंचावर परवा सळईवाल्यांनी ठोकून दिले आणि त्याला वाहवाही मिळाली, म्हणून हे सविस्तर उत्तर. फॉस्फरस खनिजात कोठे बसला आहे, हे आधी पाहावे लागते. स्वीडनमधील किरुना येथे तो ॲपेटाइट या फॉस्फेट खनिजाच्या वेगळ्या कणांत असल्यामुळे खनिज बारीक दळून, चुंबकाने लोह वेगळे करून, राहिलेला ॲपेटाइट तरंगण पद्धतीने, म्हणजे पाण्यातील बुडबुड्यांना चिकटवून, काढता येतो. ऑस्ट्रेलियातील पिलबाराच्या खनिजात मात्र तो बराचसा गोएथाइट या पाणी धरून ठेवणाऱ्या लोहखनिजाच्या स्फटिकातच मुरलेला असतो. तेथे खनिज आधी भाजून त्यातले पाणी घालवल्याशिवाय आम्ल आत पोहोचत नाही, आणि एवढा खटाटोप करून शेवटी आम्लाचे सांडपाणी गळ्यात पडते. त्यापेक्षा फॉस्फरस भट्टीतच घालवावा: लंडनच्या न्यायालयात कारकुनी करणाऱ्या सिडनी टॉमसने १८७८ च्या सुमारास भट्टीला डोलोमाइट या चुनखडीसारख्या दगडाचे अस्तर लावून, चुन्याच्या साहाय्याने फॉस्फरस मळीत, म्हणजे वितळलेल्या लोखंडावर तरंगणाऱ्या गाळात, उतरवला; फ्रान्स-जर्मनी सीमेवरील लॉरेनचे फॉस्फरसमुळे नाकारलेले खनिज त्यामुळे कामी आले आणि मळी खत म्हणून खपली.

सळईवाले:
आपली टॉमसभक्ती पोहोचली. जालन्याकडच्या इंडक्शन भट्ट्यांना, म्हणजे विजेच्या चुंबकीय क्षेत्राने धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांना, सहसा सिलिकाचे (वाळूतल्या पदार्थाचे) अस्तर असते. तेथे चुना ओतला तर तो सिलिकाला खाईल आणि फॉस्फरसच्या आधी अस्तरच जाईल. म्हणजे स्पाँज आयर्नबरोबर (खनिजातून न वितळवता काढलेल्या सच्छिद्र लोखंडाबरोबर) आलेला फॉस्फरस थेट सळईत उतरतो, आणि सळईच्या ५००डी या अधिक ताणल्या जाणाऱ्या प्रतीला तर ०.०४० टक्क्यांचीच मर्यादा आहे. माझ्या घराच्या कामावर रिंगा वाकवताना सळई कोपऱ्यात तडकली, तेव्हा ठेकेदार निर्लज्जपणे म्हणाला, "थंडीमुळे होतं साहेब." आपण आम्हाला लॉरेनच्या गोष्टी सांगा.

भट्टीकाठ:
तडकलेली सळई प्रयोगशाळेत पाठवली होती का? गंधकाने किंवा जादा कार्बनानेही सळई तडकते. संतापाला रासायनिक विश्लेषण म्हणत नाहीत.

इतिहासवेडा:
फॉस्फरसला एवढ्या शिव्या घालणाऱ्यांनी दिल्लीचा लोहस्तंभ पाहावा. त्यात सुमारे पाव टक्का फॉस्फरस आहे आणि त्यामुळेच त्यावर गंजरोधक थर बसला, असे कानपूर आयआयटीच्या बालसुब्रमण्यम यांनी दाखवले. आपल्या पूर्वजांचे लोखंड निकृष्ट ठरवण्याची ही सवय कधी जाणार?

सळईवाले:
पूर्वजांना येथे कोणी काही बोललेले नाही. स्तंभाला भूकंपात वाकायचे नसते, माझ्या घराच्या खांबाला वाकायचे असते.

इतिहासवेडा:
हा उद्धटपणा आहे. त्या काळच्या भट्टीत चुना घालत नसत, म्हणून फॉस्फरस लोखंडात टिकला, हे तरी वाचून बोला.

भट्टीकाठ:
म्हणजे फॉस्फरस घालवायचा तर चुना हवा, हे आपणच सिद्ध केलेत, आभारी आहे. सळईवाल्यांचा सिलिका अस्तराचा मुद्दा मात्र नाइलाजाने मान्य करतो. परंतु मग उपाय सिलिकाचे अस्तर सोडून चुन्याची मळी झेलणारी आर्क भट्टी (विजेच्या ठिणगीने धातू वितळवणारी) घेण्याचा आहे, खनिजाला आंघोळ घालण्याचा नव्हे.

सळईवाले:
आर्क भट्टीचा खर्च पेलत नाही, म्हणूनच तर लहान कारखानदार इंडक्शनकडे वळले. सळईला जादा भाव देणारे घरमालक आपण गोळा करून आणा, मी आम्लाचा आग्रह त्याच दिवशी सोडतो.