प्रतिसाद : बर्बेरिन आणि मिथायलेशन

'ह्वांगल्येन या चिनी औषधी वनस्पतीमधलं बर्बेरिन डीएनए मिथायलेशन (जनुकं चालू-बंद ठेवणाऱ्या, डीएनएवरच्या रासायनिक खुणा) बदलून रक्तवाहिन्यांतले ब्लॉकेज विरघळवतं' या विधानात घाई झाली आहे. (हेच बर्बेरिन आपल्या दारुहळदीतही असतं.) सर्वांत भक्कम पुरावा वेगळ्या यंत्रणेचा आहे: रक्तातलं एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) पकडणारे रिसेप्टर यकृतात असतात; ते बनवण्याची सूचना वाहणारा रेणू, एमआरएनए, जास्त काळ टिकतो, रिसेप्टर वाढतात, एलडीएल उतरतं. २००४ च्या चिनी अभ्यासात ३२ रुग्णांना ०.५ ग्रॅम बर्बेरिन दिवसातून दोनदा, तीन महिने दिलं. एलडीएल सुमारे २५ टक्के घटलं. काटेकोर अर्थाने हे एपिजेनेटिक (डीएनएचा क्रम न बदलता जनुकांच्या वापरात होणारा बदल) नव्हे.

मिथायलेशनचे बरेचसे निष्कर्ष पेशींवरचे, मायक्रोमोलर मात्रेतले. तोंडाने घेतल्यावर रक्तात जेमतेम नॅनोमोलर (मायक्रोमोलरच्या हजारपट कमी) पोहोचतं! कृपया याच्या भरवशावर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं) बंद करू नका. सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) घेणाऱ्यांनी तर बर्बेरिन टाळाच, त्याने सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी वाढते.