पेटकरांसारखं आधी कुठला खेळ धरायचा?

वाळव्याची ताई
माझा धाकटा भाऊ कबड्डीपटू. गेल्या सुगीत उसाच्या ट्रॉलीवरून पडला, मणका दुखावला, कमरेखाली काही कळत नाही. आता दिवसभर व्हीलचेअरवर खिडकीशी बसून असतो. आमच्या शेजारच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर. बॉक्सिंग, टेबल टेनिस, पोहणं, भालाफेक हे सगळं एकाच माणसानं कसं केलं? भावाला कशापासून सुरुवात करायला सांगू? त्याला पाण्यात सोडायला आईचा धीर होत नाही.

माजी जवान
ताई, पेटकर सैन्यात ईएमईत, म्हणजे यंत्रं-वाहनं दुरुस्त करणाऱ्या शाखेत होते आणि बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कण्याला इजा झाली, पाय गेले. पोहणं त्यांनी उपचार म्हणून धरलं. १९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिंपिकला गेले ते टेबल टेनिससाठी. १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्ण आणलं. त्याच स्पर्धेत भालाफेक केली, स्लॅलमही खेळले. स्लॅलम म्हणजे व्हीलचेअर घेऊन अडथळ्यांतून वळणं काढत जायचं. ऑलिंपिकमधलं भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण नेमबाज अभिनव बिंद्राचं, तेही पेटकरांनंतर छत्तीस वर्षांनी, २००८ सालचं. पद्मश्री मात्र पेटकरांना २०१८ मध्ये मिळाली. फार उशीर केला आपण, हे मला आजही सलतं.

दोन चाकं
मी स्वतः अकरा वर्षं व्हीलचेअरवर आहे, म्हणून सांगतो. खेळ आत्ताच ठरवू नका. आधी डॉक्टरांना विचारून त्याला पाण्यात उतरवा.

पहिल्या दिवशी पाय दगडासारखे खाली ओढतात. मीही घाबरलो होतो. सुरुवातीला दोन्ही बाजूंना पाण्यात माणूस हवाच. मांड्यांमध्ये फोमचा तुकडा बांधला की कंबर वर येते आणि मग सगळं काम खांद्यांचं. तुमचा भाऊ कबड्डीतला आहे, खांदे तयार असणार.

एक गोष्ट आईंना नक्की सांगा. तलावाच्या फरशीवर टाचा घासल्या तरी त्याला कळणार नाही. मला एकदा अशीच जखम झाली, भरायला दोन महिने गेले. आत जाताना पायात मोजे घाला, बाहेर आल्यावर टाचा नि बैठक नीट पाहा. उतरण्याआधी लघवीला जाऊन यायचं.

स्पर्धेचं पुढचं पुढे. शारीरिक अपंगत्वासाठी फ्रीस्टाइलला एस १ ते एस १० असे वर्ग असतात, अंगात हालचाल जितकी कमी तितका आकडा लहान. उडी मारता येत नसेल तर पाण्यातूनच सुरुवात करायची मुभा आहे. टेबल टेनिसलाही बसून खेळणाऱ्यांचे १ ते ५ असे वेगळे वर्ग आहेत. जेवणाच्या टेबलावर जाळीऐवजी दोऱ्या बांधून आजच सुरू करा, त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

वाळव्याची ताई
दादा, तुमचं उत्तर भावाला मोठ्यानं वाचून दाखवलं. "मोजे कुठले घालायचे ते विचार," म्हणाला. पडल्यापासून त्यानं आपणहून काही विचारलं ते आजच. सोमवारी डॉक्टरांकडे जातोय. आई म्हणतेय, तलावाच्या काठावर मी बसणार.