मदत हवी आहे: भावगीत गिटारवर ध्वनिमुद्रित करताना सूर टिकत नाही, टिकवला तर खरखरतो

नमस्कार.

मी चिपळूणला राहतो, बँकेत नोकरी करतो आणि गेली सहा वर्षे हौसेखातर इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. जुन्या भावगीतांच्या चाली गिटारवर बसवून घरच्या घरी ध्वनिमुद्रित कराव्यात, एवढीच माझी इच्छा आहे. मला रॉक वाजवायचे नाही आणि वेगाच्या तानाही घ्यायच्या नाहीत. तरीही गेले आठ महिने मी एकाच जागी अडकून पडलो आहे, म्हणून अडचण जरा विस्ताराने मांडतो.

माझ्याकडे स्ट्रॅटोकास्टरच्या धाटणीची, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारेचे कंपन टिपणारी, एकेरी वेटोळ्याची चुंबके) असलेली गिटार आहे. तारा ९ ते ४२ या मापाच्या (इंचाच्या हजाराव्या भागात जाडी) आहेत. गिटार लॅपटॉपला जोडणारा दोन इनपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉपवर रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर आणि त्यात खऱ्या अँपची नक्कल करणारे अँप सिम्युलेटरचे एक प्लगइन (जोड-प्रोग्रॅम), असा सगळा संसार आहे. खरा अँप नाही आणि असता तरी मला वेळ मिळतो तो रात्री साडेदहानंतर, तेव्हा शेजाऱ्यांनी तो चालू दिला नसता.

सध्या यमनमधले एक भावगीत पांढरी तीनमध्ये (षड्ज म्हणजे पाश्चात्त्य ई) बसवले आहे. मुखड्यात गंधारावरून निघून, तीव्र मध्यमाला ओझरता स्पर्श करून पंचमावर चार मात्रा थांबायचे आहे. हे मी दुसऱ्या तारेवर नवव्या फ्रेटवरून (गिटारच्या दांडीवरची धातूची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत घसरत घेतो. लय ७२ ची आहे, म्हणजे पंचम सुमारे सव्वातीन सेकंद उभा राहायला हवा. मूळ गाण्यात गायिका त्या पंचमावर निवांत थांबते, आणि शेवटी तर तो सूर किंचित फुलतो. माझा पंचम दीड सेकंदातच विझायला लागतो.

यावर जे जे सुचले ते करून पाहिले आहे. क्लीन टोन ठेवला तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो आणि सूर लवकर मरतो. गेन (अँपमधले आवाजाचे वर्धन) वाढवला तर सूर टिकतो, परंतु प्रत्येक सुराभोवती माशी घोंगावल्यासारखी खरखर ऐकू येते, आणि ती झाकली जावी म्हणून ट्रेबल वाढवला तर तोच आवाज कानाला टोचू लागतो. कॉम्प्रेसर (मोठे-लहान आवाज एका पातळीला आणणारा इफेक्ट) लावून पाहिला तेव्हा दोन सुरांमधल्या शांततेत एक गुणगुण वर आली, जी वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू झाला की अक्षरशः दुप्पट होते. शेवटी ४०० मिलिसेकंदांचा डिले (प्रतिध्वनी) आणि भरपूर रिव्हर्ब (खोलीतला घुमारा) घातला. एकटी गिटार ऐकताना ते झकास वाटले, पण तबल्याच्या ट्रॅकवर ठेवल्याबरोबर मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणे) कुठल्या कुठे गेली आणि कुंभार्ली घाटात उभे राहून कोणी वाजवत असल्यासारखे वाटू लागले. शिवाय रात्री हेडफोनवर ठरवलेला टोन सकाळी स्पीकरवर ऐकला की परका वाटतो, तो भाग वेगळाच.

परवा सौभाग्यवतींना एक टेक ऐकवला. त्या म्हणाल्या, ‘गाणे ओळखू येते, पण कोणी गाते आहे असे वाटत नाही.’ माझी सगळी तक्रार या एका वाक्यात आली आहे.

एका दुकानदाराने हंबकर (गुणगुण कमी करणाऱ्या जोड वेटोळ्याच्या) पिकअपची गिटार घ्यायला सुचवले आहे, आणि एका मित्राच्या मते प्लगइन बदलायला हवे. मला स्वतःला अधूनमधून शंका येते की दोष हातातच आहे. खर्चाला माझी ना नाही, परंतु निदान होण्याआधी औषध घ्यायची इच्छा नाही. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

नवीन काही घेण्यापूर्वी एक गोष्ट तपासा. इंटरफेसच्या इनपुटजवळ लाइन आणि इन्स्ट्रुमेंट असे निवडण्याचे एक छोटे बटण असते, ते आत्ता कशावर आहे? तुम्ही लिहिलेली लक्षणे वाचून ते लाइनवर असावे अशी मला दाट शंका आहे. गिटारच्या पिकअपला पुढे साधारण दहा लाख ओहमचा इनपुट लागतो, आणि लाइन इनपुट बहुधा दहा हजारांच्या आसपास असतो. पिकअपवर तो भार पडला की वरची धार जाते आणि पातळीही खाली येते. मग माणूस गेन वाढवतो, गेनबरोबर खरखर आणि गुणगुण वाढते, गेलेली धार परत आणण्यासाठी तो ट्रेबल वाढवतो, आणि त्या ट्रेबलने खरखरच आणखी उठून दिसते. म्हणजे तुमच्या चार तक्रारींचे मूळ एकच असू शकते.

बटण बदलल्यावर सर्वांत जोरकस सूर रीपरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहा. अँप सिम्युलेटरमध्ये कॅबिनेटचा (स्पीकरच्या पेटीची नक्कल करणारा) भाग चालू आहे ना, तेही बघा, कारण बारा इंची गिटार स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही ऐकवतच नाही, आणि तो भाग बंद राहिला तर डिस्टॉर्शनची (गेनमुळे होणाऱ्या आवाजाच्या विकृतीची) सगळी माशी थेट कानात येते. गुणगुणीबद्दल सांगायचे तर सिंगल कॉइल ती पकडणारच, आणि चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ती जास्त होते. ध्वनिमुद्रणापुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवा, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद ठेवा आणि खुर्चीतल्या खुर्चीत थोडे थोडे वळून पाहा. एका दिशेला ती गुणगुण बरीच कमी झालेली आढळेल.

पंचमाचे मात्र वेगळे आहे. केबल काढून, गिटार नुसतीच कानाजवळ धरून तोच पंचम वाजवा. तिथेही तो दीड सेकंदात मरत असेल तर जगातले कुठलेही प्लगइन त्याला जिवंत करणार नाही. तारा किती जुन्या आहेत? कोकणच्या पावसाळ्यात तारेला गंज चढायला महिनासुद्धा लागत नाही. दुसरा संशय पिकअपच्या उंचीवर आहे. नेककडचा पिकअप तारांच्या फार जवळ असेल तर त्याचे चुंबक तारेला ओढून धरते आणि सूर लवकर बसतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपर्यंतचे अंतर मोजा. जाड तारेखाली सुमारे २.४ आणि बारीक तारेखाली सुमारे २ मिलिमीटर असावे.

प्रतिसाद २

वरचे सर्व पटले, फक्त एक भर घालतो. गाण्यासारखी गिटार म्हटले की आपल्या कानात बहुतेक वेळा व्हॅन शिप्ले किंवा सुनील गांगुली यांनी वाजवलेली चित्रपटगीते असतात. ती हवाईयन गिटार होती. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी दांडा फिरवून वाजवायची, त्यामुळे मींडेच्या वाटेत फ्रेट येतच नाही. तुमच्या गिटारकडून तोच आवाज मागू नका. तुमच्या वाद्यासाठी १९६० च्या सुमाराचे शॅडोज वाद्यवृंदातील हँक मार्विन हे अधिक जवळचे उदाहरण ठरेल. त्यांच्याकडेही स्ट्रॅटोकास्टरच होती. व्हॉक्सचा अँप, जवळजवळ स्वच्छ टोन, इको यंत्र आणि ट्रेमोलोच्या (तारांचा ताण कमी-जास्त करणाऱ्या) दांड्याने सुराला दिलेला हलका झोल, एवढ्यावर त्यांनी चाली अक्षरशः गायल्या.

दुसरे असे की गायिका श्वास कुठे घेते ते कागदावर लिहून काढा आणि त्या जागी तार हाताने बंद करा. आपण हौशी मंडळी सूर लांबवण्याच्या नादात तो थांबवायचा विसरतो. टोनही एकट्या गिटारवर ठरवू नये. तबला आणि तानपुरा चालू ठेवूनच ठरवावा.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. बटण लाइनवरच होते. आठ महिने मी त्याच्याकडे पाहत होतो, पण ते कशासाठी आहे हा प्रश्न मला एकदाही पडला नाही, हे लिहितानाही लाज वाटते. ते बदलल्यावर गेन निम्म्याहून खाली आणता आला, ट्रेबल मूळ जागी गेला आणि खरखर जवळपास संपली.

केबल काढून वाजवल्यावर पंचम तिथेही लवकरच मरत होता. तारांवर बोट फिरवले तर बोट तपकिरी झाले, तेव्हा त्या बदलल्या. नेककडचा पिकअप मोजला तर बारीक तारेखाली जेमतेम एक मिलिमीटर अंतर होते. दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून तो खाली घेतला. आता पंचम जवळजवळ तीन सेकंद टिकतो, आणि उरलेली उणीव हलका कॉम्प्रेसर भरून काढतो. रिव्हर्ब एक चतुर्थांशावर आणला आहे. श्वासाच्या जागा लिहून काढल्या, तेव्हा मुखड्यातच मी तीन ठिकाणी गायिकेच्या श्वासावर वाजवत होतो असे आढळले. नव्या गिटारचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे.

अंतऱ्यात मात्र एक अडचण उरली आहे. तार सप्तकातला षड्ज पहिल्या तारेवर बाराव्या फ्रेटवर घेतला की मुखड्याच्या मानाने आवाज एकदम बारीक होतो, जणू गायिका बदलली. तोच षड्ज दुसऱ्या तारेवर सतराव्या फ्रेटवर घेतला तर जातीचा लागतो, परंतु निषादानंतर तिथवर घसरत जायला लयीत जागा पुरत नाही. अशा ठिकाणी आपण तार बदलता की टोन नॉबने तो बारीकपणा झाकता, हे कोणी स्वानुभवाने सांगू शकेल का?