मदत हवी आहे: ग्लटचा प्रोग्रॅम विंडोजवर लिंक होत नाही

मंडळी, सी भाषेत ओपनजीएल (ग्राफिक्स काढायची लायब्ररी) आणि फ्रीग्लट (खिडकी उघडून देणाऱ्या ग्लट लायब्ररीची मुक्त आवृत्ती) वापरून फिरणाऱ्या घनाचा छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. लिनक्सवर जीसीसी कंपायलरने आधी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ (फंक्शन सापडत नाही) अशा चुकांचा पाऊसच पाडला. लायब्ररींची नावं सोर्स फाइलच्या आधी लिहिली होती. ती शेवटी नेली, ग्लट, मग जीएलयू (ओपनजीएलची मदतनीस लायब्ररी), मग जीएल (खुद्द ओपनजीएल), आणि घन फिरायला लागला. एवढ्याशा क्रमापायी अख्खी संध्याकाळ गेली!

मॅकवर ग्लटच्या हेडर फाइलचा पत्ताच वेगळा, म्हणून इफडेफ (सिस्टिमनुसार कोड निवडणारी अट) टाकलं आणि लायब्ररींऐवजी फ्रेमवर्क (मॅकवरचे लायब्ररींचे गठ्ठे) दिले. २०१८ च्या मोहावीपासून ॲपलने ओपनजीएल डेप्रिकेटेड (यापुढे वापरू नये असं) ठरवलंय, त्यामुळे वॉर्निंग येतात, पण चालतंय.

अडलंय ते विंडोजवर. मिनजीडब्ल्यूला (विंडोजवरच्या जीसीसीला) फ्रीग्लट, जीएलयू३२, ओपनजीएल३२ याच क्रमाने दिलंय. कंपाइल होतं, लिंकर (प्रोग्रॅम आणि लायब्ररी जोडणारा) मात्र ग्लटइनिट या फंक्शनच्या नावाआधी ‘इम्प’ चिकटवून ‘सापडत नाही’ म्हणतो. माझा कंपायलर ६४ बिटचा आहे. लायब्ररी चुकून ३२ बिटची उतरवली असेल का? की ती स्टॅटिक (प्रोग्रॅममध्येच मिसळली जाणारी) आहे म्हणून ‘फ्रीग्लट स्टॅटिक’ डिफाइन करायला हवं? हे तपासायचं कसं? आणि तिन्हीकडे सीमेकने (बिल्डच्या फाइली आपोआप बनवणाऱ्या टूलने) भागतं का, की मेकफाइल वेगवेगळ्याच ठेवता?