बेळगाव सोडायचं का? आमच्या घरच्या ग्रुपवरचं बोलणं

घरच्यांना विचारून हे टाकतेय. नावं काढून नाती ठेवलीत. दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ, राहणार शहापूर, बेळगाव. उद्यमबागेत त्याचे दोन लेथ आणि एक सीएनसी आहे, जॉबवर्क करतो, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मशीनचं काम करून देतो. मी लग्न होऊन कोल्हापूरला. वहिनी दादाची बायको, चिमी त्याची मुलगी. आप्पा आमचे वडील. राजू चुलतभाऊ, पुण्यात. बोलणं २०२५ मधलं आहे. सुप्रभात आणि वाढदिवसाचे मेसेज तेवढे काढलेत.

दादा: सगळ्यांना एक विचारायचंय. महाराष्ट्राच्या हद्दीत शिनोळीला एक शेड मिळतेय आणि कोल्हापुरात दोन खोल्यांचा फ्लॅट बघितलाय. दोन्हीकडं इसार दिलेला नाही अजून. हिचं म्हणणं, आता बेळगाव पुरे. मलाही तसंच वाटायला लागलंय. काय करू?

आत्या खानापूर: पुरे म्हणजे काय झालं रे एवढं?

वहिनी: आत्या, एक काही झालं नाही हो, तेच तर आहे. पाटीवर साठ टक्के कन्नड पाहिजे म्हणून माणसं आली, फोटो काढून गेली. पाटी बदलली, पैशाचं काही नाही. आप्पांच्या जमिनीचा उतारा कन्नडात, वाचायला चिमीला बसवावं लागतं. या फेब्रुवारीत मराठी-कन्नडवरून कंडक्टरला मारहाणीचं प्रकरण झालं, एसट्या बंद पडल्या. ताईंकडं निघालो होतो, स्टँडवरून पिशव्या घेऊन परत. डिसेंबरात बेळगावात कर्नाटकाचं अधिवेशन आलं की बंदोबस्त, १ नोव्हेंबरला हे काळ्या दिवसाच्या फेरीत आणि मी घरात फोन हातात धरून. लग्न होऊन आल्यापासून हेच बघतेय.

राजू पुणे: वहिनी शंभर टक्के बरोबर. निघा.

राजू पुणे: डिसेंबर २०२२ आठवा. हिरेबागेवाडी टोलवर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले तेव्हा मी तुमच्याकडंच होतो. एमएच १२ ची गाडी परसात नेऊन वर ताडपत्री टाकली होती. स्वतःच्या गावात.

आप्पा: गाव तुझं. गाडी पुण्याची.

राजू पुणे: 🙏

आप्पा: १ नोव्हेंबर १९५६ ला मी शाळेत होतो. आदल्या दिवशी मुंबई राज्य, दुसऱ्या दिवशी म्हैसूर राज्य. आम्ही जागचे हललो नव्हतो. आता तुम्ही हलणार म्हणता. मग महाराष्ट्राचा सीमाभागातल्या ८६५ गावांवरचा दावा कुणाच्या जिवावर? माणसंच उठून गेली तर कोर्टात काय सांगायचं, घरं मराठी आहेत म्हणून?

राजू पुणे: आप्पा, रागावू नका. महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात दावा लावला २००४ ला. आज २०२५. दरम्यान तिकडं बेळगावात अधिवेशनासाठी सुवर्ण विधानसौध उभं राहिलं, २०१२ ला राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झालं, २०१४ ला गावाचं नाव बेळगावी केलं. दादानं निकालाची वाट बघत बसायचं का?

आप्पा: २००५ ला महापालिकेनं महाराष्ट्रात जायचा ठराव केला. महापौरांच्या तोंडाला बंगळुरात काळं फासलं, महापालिका बरखास्त केली. तेव्हा कोणी गाव सोडलं नाही.

राजू पुणे: आणि २०२१ ला त्याच महापालिकेत ५८ पैकी ३५ जागा भाजपला दिल्या. महाराष्ट्र एकीकरण समितीचे २०१३ ला दोन आमदार होते, २०१८ ला शून्य, २०२३ ला शून्य. ती मतं कानडी लोकांची नव्हती सगळी.

आत्या खानापूर: आपल्या घरात कुणी कुणाला दिलं ते इथं काढू नका. सण तोंडावर आहे.

(इथं अर्धा तास कुणीच काही लिहिलं नाही. आमच्या घरात ही अर्ध्या तासाची शांतता दर निवडणुकीनंतर असते.)

आत्या खानापूर: मला एक सांगा. ते सीमावादावरच्या महाजन आयोगाचं ऐकलं असतं तर आज मी महाराष्ट्रात असतो की नाही?

आप्पा: असतीस. १९६७ च्या अहवालात २६४ गावं महाराष्ट्राला दिली होती. निपाणी, खानापूर, नंदगड त्यात होतं. उलट २४७ गावं कर्नाटकाला. बेळगाव मात्र त्यांच्याकडंच ठेवलं, म्हणून महाराष्ट्रानं तो अहवाल फेटाळला.

आत्या खानापूर: म्हणजे तुमच्या बेळगावापायी मी अडकलो.

आप्पा: बरोबर आहे.

आत्या खानापूर: असू दे. गृहलक्ष्मीचे दोन हजार येतात, तिकडं लाडकी बहीण दीड हजार. आणि बेळगावला यायला मला तिकीट नाही. तिकडं एसटीत बायकांना अर्धं तरी लागतं. 😄

वहिनी: आत्या, पाचशे रुपयांसाठी राज्य निवडायचं का?

आत्या खानापूर: निवडलंय कुणी? आहे तिथं आहोत, तर घेतो की.

मामा चंदगड: दाजी, नमस्कार. उशिरा बघितलं. मी महाराष्ट्रात आहे, जन्मापासून. भाचा म्हणतोय तिकडं येतो, आनंद आहे. पण सोनोग्राफी असली की आम्ही कुठं येतो? बेळगावला. लग्नाचा बस्ता? बेळगाव. ट्रॅक्टरचा पार्ट? बेळगाव. कोल्हापूर आम्हाला शंभर किलोमीटरच्या आसपास पडतं, जिल्ह्याचं काम निघालं की दिवस जातो. जतच्या चाळीस गावांनी पाण्यासाठी २०१२ ला ठराव केला होता, कर्नाटकात जातो म्हणून. त्यांना मराठी नको होतं असं नाही, पाणी पाहिजे होतं.

राजू पुणे: मामा, तुमच्या दारात कुणी पाटीचा फोटो काढायला येत नाही ना?

मामा चंदगड: नाही येत. ते खरं आहे.

दादा: ताई, तू काहीच बोलली नाहीस.

मी काल रात्री ते सगळं वाचत होते. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला राजूचा राग आला. पुण्यात बसून निघा म्हणणं सोपं. मग आप्पांचाही आला. तिथं राहून दावा टिकवा म्हणायचं, आणि रोजचं निस्तरायचं वहिनीनं. म्हणून एकदम लांब लिहिलं.

मी: दादा, दोन वेगळे प्रश्न तू एकात घातलेस. घर आणि शेड. शेडचं आधी बोलू, कारण पोट त्यावर आहे. तुझं कास्टिंग येतं कुठून? उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून. मशीनिंग करून परत तिथंच. आज गेटपास, चलन आणि टेम्पो, काम झालं. शेड शिनोळीला नेलीस की तो माल दुसऱ्या राज्यात जातो. राज्याबाहेर जॉबवर्कला माल जाताना किंमत कितीही असो, ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा ऑनलाइन कागद, लागतोच. पन्नास हजारांची मर्यादा तिथं नाही. पाच हजारांचे चार फ्लँज पाठवले तरी बिल. शिवाय तुला महाराष्ट्राचा वेगळा जीएसटी नंबर. फाउंड्रीवाला तुझ्यासाठी हे करत बसेल, की शेजारच्या गल्लीतल्या लेथवाल्याला काम देईल?

दादा: हे मी सीएला विचारलं नव्हतं.

दादा: पण शिनोळीला बेळगावच्या लोकांचे कारखाने आहेत की गं. ते कसं करतात?

मी: त्यांचा स्वतःचा माल आहे. ते विकतात. तू दुसऱ्याच्या मालाला भोक पाडून देतोस. फरक आहे.

दादा: 😐 बरं.

मी: आता घर. वहिनी, तुमचं एकही वाक्य खोटं नाही. पण कोल्हापूरला आल्यावर सगळं सुटेल असं मला वाटत नाही. इथं माझ्या सासरी अजून माझ्या बोलण्याला कानडी हेल आहे म्हणून हसतात. प्रेमानंच, पण हसतात. बेळगावात आपण मराठी म्हणून बाजूला, इथं बेळगावचे म्हणून. ते सोडा. खरा प्रश्न चिमीचा आहे आणि त्याबद्दल अजून कुणी लिहिलेलं नाही. ती नववीत आहे. इंजिनिअरिंगला जायचं म्हणते. आज तिला दोन दारं आहेत. एक कर्नाटकाची सीईटी. सात वर्षं इथं शिकलेली असली आणि दहावी किंवा बारावी इथून झाली की ती पात्र. दुसरं महाराष्ट्राचं. त्यांच्या प्रवेशात सीमाभागाचा वेगळा प्रकार आहे, टाइप ई. दहावी-बारावी वादग्रस्त सीमाभागातल्या शाळा-कॉलेजातून, राहणं तिथलं, मातृभाषा मराठी. अशा मुलांना महाराष्ट्राचे उमेदवार धरतात. हे दुसरं दार आप्पांच्या ८६५ गावांमुळंच आहे.

मी: उद्या तुम्ही कोल्हापूरला आलात आणि तिची दहावी-बारावी इथं झाली, तर सीमाभागाची अट गेली. कर्नाटकाची तर गेलीच. महाराष्ट्राच्या डोमिसाईलला, म्हणजे रहिवासी दाखल्याला, पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं. ते कुठून आणणार?

वहिनी: हे खरं आहे?

राजू पुणे: मी आत्ता माहितीपुस्तिका बघितली. बरोबर आहे. टाइप ई.

राजू पुणे: जातीच्या दाखल्याचंही बघा. कर्नाटकात आपण मागासवर्गाच्या ३बी गटात. तो दाखला महाराष्ट्रात आरक्षणाला चालत नाही. तिथं १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासून कुटुंब महाराष्ट्रात होतं याचा पुरावा मागतात.

आप्पा: १९५६ च्या आधी आपण मुंबई राज्यात होतो. तो पुरावा चालेल का विचार.

राजू पुणे: आप्पा 😂 विचारतो.

आप्पा: मी चेष्टा करत नाही.

(खरंच करत नव्हते. त्यांनी नंतर मला फोन करून जुन्या शाळेच्या दाखल्यावर ‘मुंबई राज्य’ असं छापलंय, तो कपाटात कुठं आहे ते सांगितलं.)

वहिनीचा नंबर: मी चिमी, आईच्या फोनवरून. मला कुणी विचारणार आहे का?

दादा: बोल.

वहिनीचा नंबर: मला कोल्हापूर आवडतं पण मला नववीच्या मधे शाळा बदलायची नाही. कन्नडमध्ये मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क आहेत, ते तिकडं फुकट जातील. आणि बारावीनंतर मी पुणे किंवा बंगलोर कुठंही जाईन. तुम्ही तोपर्यंत थांबा मग जिथं जायचं तिथं जा.

आत्या खानापूर: शाब्बास गं.

वहिनी: फोन काढून घेतलाय. अभ्यास सोडून हे.

आप्पा: तिनं मुद्द्याचं लिहिलंय.

वहिनी: आप्पा, मुद्द्याचं आहे, मला दिसतंय. पण सगळे मुद्दे कागदाचे झाले. ई-वे बिल, टाइप ई, डोमिसाईल. माझा मुद्दा कागदाचा नाही. दवाखान्यात, बँकेत, टेंपोवाल्याशी बोलताना आधी अंदाज घ्यावा लागतो, मराठीत बोललं तर चालेल का. मला कन्नड येतं, तरी. हे तुमच्या कुठल्या पुस्तिकेत आहे?

मी: नाही आहे, वहिनी.

मामा चंदगड: सूनबाईंचं बरोबर आहे. दाजी, एवढं मान्य करा.

आप्पा: मान्य आहे. मी १९८६ ला कन्नडसक्तीविरुद्ध रस्त्यावर होतो. १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर मी दरवर्षी जातो, ते काही हौस म्हणून नाही. तिला जे वाटतं तेच आम्हाला तेव्हा वाटत होतं. पण मी गेलो नाही म्हणून तिनं जाऊ नये, असं मी म्हणणार नाही. आधी म्हटलं होतं ते जरा जोरात लिहिलं गेलं.

राजू पुणे: 🙏🙏

दादा: मग असं करतो. शेडवाल्याला उद्या नाही म्हणून सांगतो. कोल्हापूरच्या फ्लॅटचंही नाही. चिमीची बारावी २०२९ ला. तोपर्यंत इथंच.

मी: आप्पांच्या तब्येतीचं एक बघून ठेव. फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्रानं २०२३ ला ८६५ गावांना लावलीय. कागद तयार असू देत, वेळेला धावाधाव नको.

दादा: बघतो.

आत्या खानापूर: मग मी शनिवारी येतो. कुंदा आणू का?

आप्पा: बेळगावला कुंदा घेऊन येणार?

आत्या खानापूर: खानापुरात एक नवा करणारा आलाय. खाऊन तर बघा.

वहिनी: या आत्या. आणि सगळ्यांना एकच सांगते. २०२९ ला चिमी बाहेर पडली की मी परत विचारणार. तेव्हा ई-वे बिल कुणी काढायचं नाही.