अनुभव सांगा: अडचणीच्या काळात चर्चची माणसं दारात आली तेव्हा

घणसोलीकर
काकांना अर्धांगवायू झाल्यापासून मावशीकडे प्रार्थनेची मंडळी येतात. घरात दोन तट पडलेत, "देवमाणसं आहेत" आणि "बाटवायला आलेत". हेतूवरची भांडणं व्हॉट्सॲपवर रोज वाचतो, इथे नकोत. तुमच्या घरात काय घडलं ते लिहा. विशेषतः तुम्ही 'नाही' म्हटल्यावर काय झालं?

दिघ्याची सून
नवरा प्यायचा. शेजारची ताई रविवारी प्रार्थनेच्या हॉलवर घेऊन गेली. पत्र्याचा गाळा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, ढोलकीवर मराठी गाणी. "जेवलीस का?" असं मला तिथे विचारलं, माहेरीसुद्धा कुणी विचारत नव्हतं. त्या बायका आळीपाळीने पोरं सांभाळायच्या म्हणून मी कामाला जाऊ शकले. मग पास्टर म्हणाले, देव्हारा काढ, कुंकू पूस. म्हटलं, खंडोबा सासूबाईंचा आहे, त्याला उठवणारी मी कोण? त्यानंतर हॉलवाले फिरकले नाहीत. ताई मात्र येते. देव्हाऱ्याकडे पाठ करून बसते आणि भाजी निवडून देते.

तलावपाळी
आम्ही ईस्ट इंडियन कॅथलिक, पिढ्यानपिढ्या ठाण्यातले. सगळ्यांना एका माळेत ओवू नका राव. आमच्या पॅरिशमधल्या (चर्चच्या हद्दीतल्या) सेंट व्हिन्सेंट डी पॉल या मदतसंस्थेच्या रेशनच्या पिशव्या मी स्वतः भरल्यात, यादीत मुसलमान विधवाही होत्या. आमच्यात बाप्तिस्म्याआधी कित्येक महिने शिकवणी असते, एका प्रार्थनेत कुणी कॅथलिक होत नाही. आणि हे स्वतंत्र हॉलवाले आमचीच माणसं ओढतात. माझी आत्या गेली ना तिकडे!

ऐरोली सेक्टर
आईला डायबेटिस. प्रार्थनेला येणारे म्हणाले, "विश्वास ठेवा, गोळ्या सोडा." तिने सोडल्या. पायाचं बोट कापावं लागलं. पैसा घेतला नाही त्यांनी, तिच्या उशाशी बसून खरोखर रडले. हेतू शुद्धच होता. त्या शुद्ध हेतूचं मी काय करू?

जुनी पुस्तकं
वाद जुनाच. १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या (विधवांसाठीच्या शाळेतल्या) मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून गहजब झाला, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पण त्या बालविधवांना तोवर दारात कोण उभं करत होतं?

तुर्भे स्टोअर
तांदळासाठी बाटले म्हणणाऱ्यांनी जरा हिशोब करावा. आम्ही मातंग. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार ख्रिस्ती झालं की अनुसूचित जातीची सवलत जाते. म्हणून वस्तीत बरेच जण कागदावर हिंदू आणि रविवारी हॉलवर. माझा भाऊ उघडपणे ख्रिस्ती झाला, पोराची स्कॉलरशिप गेली. "तिथे पहिल्या रांगेत बसवतात," एवढंच म्हणतो.