मदत हवी आहे: दुधाशिवाय फळांचं आइस्क्रीम दगडासारखं होतंय

नीलमोहर:

नमस्कार मंडळी,

घाईघाईने धागा काढतेय, कारण हातात बाराच दिवस आहेत.

माझ्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे. आता सात वर्षांचा होईल. दूध पोटात गेलं की अर्ध्या तासात अंगभर गांधी उठतात, ओठ सुजतात. एकदा तर श्वास घ्यायला त्रास झाला होता. डॉक्टरांनी गाई-म्हशीचंच नव्हे, शेळीचं दूधही बंद ठेवायला सांगितलंय. दही, ताक, लोणी, पनीर, खवा, सगळंच त्यात आलं. एरवी त्याचं काही अडत नाही. पिठलं-भाकरी, वरणभात, दूध न घातलेला आमरस पोटभर खातो. पण मे महिना लागला की माझा जीव कासावीस होतो. इथे अकोल्यात दुपारी पारा ४४-४५ला असतो. संध्याकाळी सातच्या सुमारास गल्लीत कुल्फीवाल्याची घंटा वाजते, सगळी पोरं फाटकाबाहेर धावतात आणि हा पायरीवर बसून राहतो. रडत नाही, मागत नाही. परवा मात्र म्हणाला, "आई, माझ्या वाढदिवसाला मी खाऊ शकेन असंच आइस्क्रीम सगळ्यांना देऊ या का?"

हो म्हणून बसले आहे, आणि जमत काही नाहीये.

पहिल्यांदा दोन वाट्या आमरसात तीन चमचे साखर आणि थोडं पाणी घालून स्टीलच्या डब्यात रात्रभर फ्रीझरला ठेवलं. सकाळी सुरीचं टोक जाईना. गरम पाण्यात डबा धरला तर कडेने पाणी सुटलं आणि मधला गोळा तसाच. दुसऱ्यांदा टरबुजाचा रस साच्यांमध्ये भरून काड्या लावल्या. दिसायला सुरेख लालभडक. त्याने चार वेळा चोखलं आणि काडीला नुसता पांढरा बर्फ उरला, रस सगळा निघून गेला. तिसऱ्यांदा गोठवलेली केळी मिक्सरमधून काढली. ती खरंच मऊ झाली, पण केळ्याचा वास त्याला अजिबात चालत नाही.

घरी साधा दोन दारांचा फ्रीज आणि ५०० वॅटचा मिक्सर आहे. आइस्क्रीमचं मशीन नाही आणि घ्यायचंही नाही. दुपारी तास-दीड तास लाइट जाते. मुलं चौदा येणार आहेत. बाजारचं सुचवू नका प्लीज. जवळजवळ प्रत्येक पाकिटावर 'दुधाचे अंश असू शकतात' असं लिहिलेलं असतं आणि ती जोखीम मी घेणार नाही.

आंबा बैगनपल्ली आहे, पुढच्या आठवड्यात केशरही मिळेल. कुठे चुकतंय?

गारवा_२:

ताई, साखर फारच कमी पडतेय असं वाटतं. आणि डबा किती खोल होता?

नीलमोहर:

चार बोटं खोल असेल. साखर मुद्दामच कमी घातली, कारण आंबा गोड होता.

पाटावरवंटा:

तिथेच चुकलं. मी बरीच वर्षं घरून कुल्फी आणि फळांच्या कांड्यांच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

यात साखर फक्त गोडीसाठी नसते. रस गोठायला लागला की आधी त्यातलं निव्वळ पाणी बर्फ होऊन वेगळं होतं. साखर उरलेल्या पाण्यात राहते, ते पाणी पाकासारखं दाट होत जातं आणि फ्रीझरच्या उणे १८ अंशांतही पुरतं गोठत नाही. बर्फाच्या कणांमधला हा न गोठलेला पाक म्हणजेच मऊपणा. साखर कमी असेल तर पाक कमी, म्हणजे दगड. दुधाच्या आइस्क्रीममध्ये स्निग्धांश थोडा सांभाळून घेतो. तुमच्याकडे तो नाही, म्हणून सगळा भार साखरेवर.

पिकलेल्या आंब्यात १०० ग्रॅमला साधारण १४-१५ ग्रॅम साखर असते आणि टरबुजात जेमतेम ६. नुसत्या फळाच्या अशा आइस्क्रीमला एकूण २५ ते ३० टक्के लागते. म्हणून ५०० ग्रॅम गाळलेल्या आमरसाला १२० ग्रॅम साखर आणि १०० मिली पाणी घ्या. साखर पाण्यात विरघळेपर्यंतच गरम करायची, पाक आटवायचा नाही. गार झाला की रसात घाला, वर दोन छोटे चमचे लिंबाचा रस आणि मिठाची चिमूट. चाखून बघाल तर नको इतकं गोड लागेल. घाबरू नका. गोठल्यावर जिभेला गोडी कमी जाणवते.

अजून एक. १२० पैकी ३० ग्रॅम साखरेच्या जागी मेडिकलमध्ये मिळते ती साधी ग्लुकोज पावडर घाला. ती साखरेपेक्षा कमी गोड असते, पण तेवढ्याच वजनात गोठणं जास्त रोखते. डब्यावरचे घटक मात्र वाचून घ्या.

आता कृती. मिश्रण आधी फ्रीजमध्ये दोन-तीन तास चांगलं गार करा. मग खोल डब्यात नाही, स्टीलच्या ताटात ओता, बोटाच्या एका पेराहून कमी जाडीचा थर. ताट फ्रीझरच्या तळाला टेकलेलं हवं. जितकं लवकर गोठेल तितके बर्फाचे कण बारीक होतात. चार बोटं खोल डबा रात्रभर हळूहळू गोठतो आणि कण वाढत जातात, ते दाताखाली करकरतात. ताटातलं गोठलं की सुरीने वड्या पाडा आणि गार केलेल्या मिक्सरच्या भांड्यात थोड्या थोड्या फिरवा. बटण दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं. ५०० वॅटला सलग रेटू नका, मोटर तापते आणि भांडंही तापतं. आधी भुगा दिसेल, मग कडेने गोळा होईल आणि रंग एकदम फिका पडेल. फिका पडला म्हणजे हवा शिरली. तिथे थांबा, डब्यात भरा, वर बटर पेपर टेकवून झाकण लावा आणि तीन तास पुन्हा फ्रीझरमध्ये.

चिंचबोर:

सात वर्षांच्या मुलांना एवढी साखर?

पाटावरवंटा:

एवढ्या मिश्रणाचे ६० ग्रॅमचे बारा कप होतात. कपाला १६ ग्रॅमच्या आसपास साखर, त्यातली ६ ग्रॅम आंब्याचीच. वाढदिवसाला चालेल. रोज द्यायचं असेल तर कप लहान करा, साखर कमी करू नका, नाहीतर पुन्हा दगड.

रातांबा:

आमच्याकडे कोकणात मे महिन्यात सगळी भावंडं जमली की माळ्यावरचा लाकडी संचा खाली यायचा. बर्फाची लादी पोत्यात भुशात गुंडाळून यायची, ती फोडून मधल्या डब्याभोवती भरायची आणि प्रत्येक थरावर मूठभर खडे मीठ. मिठामुळे बर्फ शून्याच्या खूप खाली जातो, उणे २० पर्यंत. आम्ही पाळीपाळीने दांडा फिरवायचो. दांडा जड झाला की आजी म्हणायची, "धरलं हो आता!" नीलमोहर, वाढायच्या वेळी लाइट गेली तर हेच करा. मोठ्या पातेल्यात तीन वाटे बर्फ, एक वाटा खडे मीठ, मधोमध घट्ट झाकणाचा आइस्क्रीमचा डबा आणि वरून जाड गोणपाट. मिठाचं पाणी झाकणापर्यंत चढू देऊ नका.

टरबुजाचं सोडून देऊ नका. त्याच्या काड्या नकोत, कीस करा. रसात साखर आणि अमृत कोकम घालायचं. आगळ नव्हे, त्यात मीठ असतं. ताटात गोठवायचं आणि दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडायचं. तीन-चार वेळा खरवडलं की गोळ्यासारखा भुसभुशीत कीस होतो.

गारवा_२:

आंब्यात अर्धी वाटी नारळाचं दाट दूध घालून बघा, फार मुलायम होतं.

औदुंबर_पुणे:

नारळाचं दूध घालाल तर घरी ओला नारळ वाटून काढलेलंच घ्या, हात जोडून सांगतो. माझ्या मुलीलाही हीच ॲलर्जी आहे. नारळाच्या दुधाच्या बऱ्याच पावडरींमध्ये सोडियम केसिनेट असतं आणि ते दुधातलंच प्रथिन आहे. आम्ही पाकिटावरचा मोठा 'नारळ' वाचला, मागचे घटक वाचले नाहीत. रात्र दवाखान्यात काढली. 'नॉन-डेअरी' म्हणून मिळणाऱ्या फेटायच्या क्रीममध्येही ते असू शकतं.

दुसरं म्हणजे मिक्सरच्या भांड्याची रबरी रिंग. त्याच भांड्यात कधी लस्सी केली असेल तर रिंग काढून खालची खाच ब्रशने घासा. आम्ही वेगळी रिंगच घेतली. आणि चौदा मुलांत वाढताना याचा कप सगळ्यांत आधी भरून बाजूला काढा. केक दुधाचा असेल तर तो चमचा चुकून आइस्क्रीममध्ये जातो.

नीलमोहर:

सगळ्यांचे मनापासून आभार. औदुंबर, तुमचा प्रतिसाद वाचून हात थंड पडले. पावडरीचं पाकीट कपाटात होतं. चष्मा लावून मागचं वाचलं, तिसऱ्या ओळीत तेच नाव. शेजारी देऊन टाकलं. रिंग काढली तर खालच्या खाचेत पांढरट कड धरलेली होती. नवीन रिंग आणली. केक करणारच नाही, त्याऐवजी गूळ-खोबऱ्याच्या वड्या करते. ओलं खोबरं त्याला चालतं.

आज सकाळी वजन करून केलं. ५०० ग्रॅम रस, ९० ग्रॅम साखर, ३० ग्रॅम ग्लुकोज. ताटातलं पाच तासांत गोठलं. पहिल्या घाण्याला मिक्सरमध्ये नुसता भुगा उडत राहिला. वड्या पाच मिनिटं बाहेर ठेवून पुन्हा फिरवल्या तेव्हा गोळा झाला. आणि रंग खरंच फिका पडला! केशरी होता तो हळदीच्या लोण्यासारखा झाला. रात्री जेवणानंतर डबा उघडला. चमचा आत गेला. वाकला नाही, सरळ आत गेला.

त्याने आधी नेहमीसारखं विचारलं, "यात दूध नाही ना?" मग पूर्ण कप संपवून कपाचा तळ बोटाने पुसून खाल्ला. दोन तास त्याच्याकडे बघत बसले होते. काही झालं नाही.

पाटावरवंटा:

वा! डोळ्यांत पाणी आलं. पार्टीचं दोन दिवस आधी करून ठेवा. आठवड्याहून जास्त ठेवू नका, दार उघड-बंद होऊन कण पुन्हा वाढतात. आणि अकोल्याच्या उन्हात वाढण्याआधी फार वेळ बाहेर काढू नका, तीन-चार मिनिटं पुरे.

नीलमोहर:

काल वाढदिवस झाला.

लाइट साडेचारला गेली ती सहाला आली. रातांबा, पातेलं, बर्फ, खडे मीठ आणि वर भिजवलेलं गोणपाट असं सगळं आधीच तयार होतं. पावणेसहाला डबा उघडला तर कडेला सुद्धा वितळलेलं नव्हतं. आंब्याचे दोन डबे आणि टरबूज-कोकमाचा एक. कोकमाचा आधी संपला. मोठ्या माणसांनीच संपवला.

कप त्यानेच वाटले. त्याचा आम्ही आधी बाजूला काढून ठेवला होता, पण तो काही लवकर खायला बसेना. प्रत्येकाला विचारत होता, "आंबा की टरबूज?" समोरच्या घरातली मुलगी त्याला म्हणाली, "तुला चालतं का रे हे?" तर म्हणाला, "माझंच आहे."

आज संध्याकाळी घंटा वाजली तेव्हा तो पायरीवरच होता, पण हातात कप होता.

आता एक विचारायचं आहे. जूनमध्ये जांभळं येतील. त्याच्या गराला साखर आंब्याइतकीच धरू का? आणि बिया काढायची काही सोपी रीत?

रातांबा:

जांभळं मिठाच्या पाण्यात धुऊन, चाळणीवर हाताने रगडा. गर खाली पडतो, बिया वर राहतात. गर उकळू नका, रंग आणि वास दोन्ही जातात.

पाटावरवंटा:

सुरुवात आंब्याइतक्याच साखरेने करा आणि चमचाभर आधी गोठवून बघा. मिठाची चिमूट जांभळाला जरा मोठी लागते.